सेफ्टी ट्रेनिंगचं कार्ड : काढायचं कसं, नाव चुकलं तर काय करायचं आणि हरवलं तर कुणाकडं जायचं

गळीत हंगाम संपला की आपल्याकडच्या साखर कारखान्यांत ओव्हरहॉलिंग, म्हणजे मशीन खोलून दुरुस्ती, निघतं आणि पुढं बॉयलर पेटायच्या आधी परत एकदा घाई होते, या दोन्ही टायमाला गेटवर पोरं ताटकळत उभी असतात. कामाला माणूस पाहिजेच असतो, पोरं अडकतात ती कार्डामुळं. एकाच्या कार्डाची मुदत गेलीय, एकाचं नाव आधारवर वेगळं आणि कार्डावर वेगळं, एकाला मागच्या काँट्रॅक्टरनं कार्ड हातात दिलंच नव्हतं. तोवर हजेरी बुडते ती बुडतेच. कुपवाड घ्या, मिरज घ्या, सातारा एमआयडीसी घ्या, शिरवळ घ्या, सगळीकडं हेच चालू आहे. मी काँट्रॅक्टरकडं सेफ्टी सुपरवायझर आहे, सकाळी माणसं गेटमधून आत न्यायची आणि संध्याकाळी धडधाकट बाहेर आणायची हे माझं काम, म्हणून या कार्डाचं जे काय आहे ते एकदा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कार्ड हा नुसता उतारा आहे, मूळ नोंद ज्यानं ट्रेनिंग दिलं त्याच्या रजिस्टरात असते. सातबारा घरात भिजला तरी नोंद तलाठ्याकडं असते म्हणून दुसरा काढता येतो, तसंच हे. त्यामुळं कार्ड मिळवायचं असू दे, दुरुस्त करायचं असू दे नाहीतर दुसरं काढायचं असू दे, पहिला प्रश्न एकच, नोंद कुणाकडं आहे? ज्याच्याकडं नोंद त्याच्याकडंच जायचं. सायबर कॅफेवाला, एजंट, गेटवरचा वॉचमन यातलं कुणी कार्ड दुरुस्त करू शकत नाही, ते फार तर नवीन कार्ड छापून देतील आणि ते खोटं असेल.

कुठलं कार्ड म्हणतोय आपण

सेफ्टी कार्ड या एका नावाखाली बरेच वेगवेगळे कागद फिरतात आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

सगळ्यात जास्त लागतं ते कंपनीचं इंडक्शन कार्ड, म्हणजे कामाला आत जायच्या आधी सुरक्षेची माहिती देतात त्याचं. कुणी सेफ्टी पास म्हणतं, कुणी नुसतं गेटपास. हे त्या एका कंपनीपुरतंच असतं, शेजारच्या प्लॉटमधल्या कंपनीत चालत नाही, कारण शेजारी केमिकल वेगळं, मशीन वेगळं, आग लागली तर पळायची जागा वेगळी. काढायची रीत साधारण सगळीकडं सारखीच. काँट्रॅक्टर तुमचं आधार, फोटो, पीएफचा यूएएन, ईएसआयसी (कामगार विमा) नंबर आणि मेडिकल फिटनेस कंपनीला देतो, मग ठरलेल्या दिवशी सेफ्टी डिपार्टमेंटवाले व्हिडिओ दाखवतात, समजावून सांगतात, छोटी परीक्षा घेतात, हजेरीच्या शीटवर सही घेतात आणि मग कार्ड मिळतं. मुदत बहुतेक वर्क ऑर्डर संपेपर्यंत किंवा कंपनीनं ठरवली असेल तेवढी. ती हजेरीची शीट फार महत्त्वाची. सही करताना तिथं तुमचं नाव कसं लिहिलंय ते बघूनच सही करा, कारण कार्ड छापणारा नाव त्याच शीटवरनं उचलतो.

दुसरं म्हणजे ठराविक कामाचं कार्ड. उंचीवरचं काम, टाकीत उतरायचं काम, वेल्डिंग-कटिंग, फोर्कलिफ्ट, क्रेन. इंडक्शन झालं म्हणून पत्र्यावर चढता येत नाही. हाइट पाससाठी बीपी, नजर, चक्कर येते का, फिट येते का हे डॉक्टर बघतात, बऱ्याच ठिकाणी आडव्या बीमवरनं चालायला लावतात. इथं काही जण मेडिकल लपवतात, फिटच्या गोळ्या चालू असताना नाही म्हणून सांगतात. गड्यांनो, असं करू नका. तुम्हाला खाली दुसरं काम देता येतं, पण वरनं पडलेल्या माणसाला परत उभं करता येत नाही.

तिसरं प्रथमोपचाराचं. फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ च्या कलम ४५ मध्ये दर १५० कामगारांमागं किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारा माणूस सरकारमान्य प्रथमोपचार सर्टिफिकेटवाला पाहिजे असं होतं (त्या कायद्याचं आता काय झालंय ते पुढं सांगतो). सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचं सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं, मग परत कोर्स करायचा. ज्याला पुढं सुपरवायझर व्हायचंय त्यानं हे कराच, कंपनीला ही माणसं लागतातच आणि कंपनी स्वतः नाव पाठवते. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो आणि तिथनं सुरक्षा सप्ताह, त्या आठवड्यात बऱ्याच कंपन्यांत अशी ट्रेनिंग ठेवतात, तेव्हा आपणहून नाव द्या, कुणी बोलवेल म्हणून थांबू नका.

चौथं टँकरवाल्यांचं. आपल्याकडं डिस्टिलरीतनं स्पिरिट, इथेनॉल घेऊन टँकर सारखे जात असतात, शिवाय पेट्रोल-डिझेल, गॅस, अ‍ॅसिड. असलं धोकादायक मटेरियल चालवायचं तर नुसतं हेवी लायसन पुरत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ९ प्रमाणं ३ दिवसांचं ट्रेनिंग करून लायसनवर हॅझार्डसची नोंद करून घ्यावी लागते. ट्रेनिंग शासनमान्य संस्थेतच झालं पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीआधी ही नोंद १ वर्षाची असायची, आता ३ वर्षांची आहे आणि रिन्यूला १ दिवसाचं रिफ्रेशर करावं लागतं. लायसनची मुदत वेगळी आणि हॅझार्डसची वेगळी, पुष्कळ ड्रायव्हर पहिली तारीख बघून निवांत राहतात आणि डेपोच्या गेटवर गाडी उभी राहते. आज घरी गेल्यावर लायसन काढून ती दुसरी तारीख बघा.

आणि मिरज म्हटलं की दवाखाने आलेच. वॉर्डात काम करणाऱ्या मावश्या, वॉर्डबॉय, कचरा उचलणारी पोरं यांचं कुणी धरतच नाही. जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणं त्या कचऱ्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाला कामावर घेतानाच ट्रेनिंग आणि नंतर वर्षातनं किमान एकदा परत ट्रेनिंग द्यायचं, शिवाय हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, ही दवाखान्याची जबाबदारी आहे. कार्ड मिळेल, सर्टिफिकेट मिळेल नाहीतर नुसती रजिस्टरात नोंद असेल, पण मावशी, तुम्ही लसीच्या नोंदीची झेरॉक्स मागून घ्या. सुई टोचल्यावर डॉक्टर पहिलं तेच विचारतात, लस झालीय का आणि कधी.

आता जे यात बसत नाही ते. ई-श्रम कार्ड आणि बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड ही सेफ्टी ट्रेनिंगची कार्डं नव्हेत. मंडळाचं कार्ड मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्याला योजनांसाठी मिळतं, ते काढा, जरूर काढा, पोरांच्या शिक्षणाला उपयोगी पडतं. पण गेटवर ते दाखवून आत सोडा म्हणून भांडू नका, वॉचमनचा त्यात दोष नाही.

पैसे कुणी भरायचे

कामगारानं नाही. हे ठामपणे सांगतो कारण इंडक्शनचे पैसे, बुटाचे पैसे, कार्डाचे पैसे असं पगारातनं कापलेलं मी बघितलंय. फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम ११४ मध्ये स्पष्ट होतं की कायद्यानं मालकानं पुरवायच्या सोयी आणि साधनांसाठी कामगाराकडनं पैसे घेता येत नाहीत. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कायद्यात सुधारणा झाली तेव्हा कलम १११-अ आलं आणि सुरक्षेची माहिती मागणं, ट्रेनिंग मिळवणं हा कामगाराचा हक्क झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यात आणि फॅक्टरी अ‍ॅक्टची जागा सुरक्षा-आरोग्याच्या संहितेनं घेतलीय, पण ट्रेनिंग द्यायची जबाबदारी मालकाचीच आहे, आणि आता नेमणूकपत्रही द्यावंच लागतं. म्हणून पगाराच्या स्लिपमध्ये अशी कपात दिसली तर गप्प बसू नका, आधी काँट्रॅक्टरला विचारा, मग कंपनीच्या एचआरला. स्वतःच्या मर्जीनं बाहेर जाऊन कोर्स केला तर त्याची फी तुमची, ते वेगळं.

नाव चुकलंय, काय करू

सगळ्यात जास्त भानगड इथं आहे आणि त्याचं कारण आपल्याकडची नावं. शाळेच्या दाखल्यावर बाळासो, आधारवर बाळासाहेब, बँकेत बाळू. आप्पासो, दादासो, रावसो यांचं तेच. आपल्याला माहीत असतं की माणूस एकच, पण कंपनीच्या कॉम्प्युटरला ते दोन माणसं वाटतात. मग आडनाव आधी की शेवटी, वडलांचं नाव आहे की नुसतं अक्षर, इंग्रजीत लिहिताना विश्वास व्ही नं की डब्ल्यू नं, शिंदे मध्ये शेवटी ई की आय, असं सगळं. लग्न झालेल्या बायकांचं तर ट्रेनिंग माहेरच्या नावानं, आधार सासरच्या नावानं.

माझं सांगणं असंय की सगळं आधारला जुळवा, कारण पीएफ, ईएसआयसी, बँक सगळी त्यालाच जोडलेली आहेत. पण त्याआधी आधारवरचं नाव बरोबर आहे का ते बघा. आधारमधलं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, त्यामुळं उगाच घाईनं सेंटरवर जाऊन एक संधी घालवू नका, शाळेचा दाखला, पॅन, बँक सगळं समोर ठेवा, कायमचं कुठलं नाव चालवायचं ते घरात बसून ठरवा आणि मगच जावा. नुसतं स्पेलिंग असेल तर नेहमीच्या ओळखपत्रावर काम होतं. लग्नामुळं बदल असेल तर विवाह नोंदणीचा दाखला लावा. पूर्ण नावच वेगळं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलाची जाहिरात द्यावी लागते, ती ऑनलाइन देता येते.

आधार ठीक असेल आणि चूक फक्त कार्डावर असेल तर काम सोपं आहे. ज्यानं कार्ड दिलं त्याला लेखी अर्ज द्या. तोंडी सांगू नका, तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलली की विसरलं जातं. अर्ज असा लिहा :

"प्रति, मा. सेफ्टी ऑफिसर साहेब. विषय : ट्रेनिंग कार्डावरील नावात दुरुस्ती करणेबाबत. महोदय, मी (पूर्ण नाव आधारप्रमाणे), काँट्रॅक्टर (नाव), कार्ड नंबर (...). माझे इंडक्शन ट्रेनिंग (तारीख) रोजी झाले आहे. कार्डावर माझे नाव (चुकीचे नाव) असे छापले आहे, ते आधारप्रमाणे (बरोबर नाव) असे पाहिजे. तरी ट्रेनिंग रजिस्टर व कार्ड दोन्हीमध्ये दुरुस्ती करून मिळावी. सोबत आधारची व कार्डाची झेरॉक्स जोडली आहे. आपला विश्वासू, सही, मोबाईल नंबर, तारीख."

यात रजिस्टर व कार्ड दोन्हीमध्ये हे शब्द सोडू नका. नुसतं कार्ड नवीन छापून दिलं आणि रजिस्टरात जुनंच नाव राहिलं तर पुढच्या वेळी रिन्यूला परत चुकीचंच नाव येणार. अर्जाच्या दोन प्रती करा, एक द्या आणि दुसरीवर मिळाल्याची सही, शिक्का, तारीख घ्या. सही द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तोच अर्ज ईमेलनं किंवा व्हॉट्सअ‍ॅपनं पाठवा, तारखेसकट पुरावा राहतो. स्वतः पेनानं खाडाखोड करून अक्षर बदलायला जाऊ नका, खाडाखोड केलेलं कार्ड गेटवर जप्त होतं आणि मग खरं असूनही खोटं ठरतं.

ज्या चुकांकडं कुणी बघत नाही

नाव चुकलं की लगेच कळतं, कारण गेट अडवतं. पण कार्डाच्या मागं दोन गोष्टी असतात, रक्तगट आणि तातडीच्या वेळी फोन करायचा नंबर, त्या चुकल्या तर काही अडत नाही म्हणून वर्षानुवर्षं तशाच राहतात. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

फॉर्म भरताना रक्तगट विचारला की पोरं अंदाजानं सांगतात, भावाचा बी पॉझिटिव्ह आहे मग माझापण तोच असेल. तसं नसतं, सख्ख्या भावांचे रक्तगट वेगळे असू शकतात. दवाखान्यात रक्त चढवायच्या आधी तपासून घेतातच, पण रात्रीच्या शिफ्टला अपघात झाल्यावर मित्र रक्तदाते शोधायला लागतात ते कार्ड बघूनच, आणि तिथं चुकीचा गट असला तर सगळी धावपळ चुकीच्या दिशेनं जाते. रक्तगटाची तपासणी साधी आहे, रक्तदान केलं तर कार्डावर लिहूनच देतात. माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवा, पण अंदाज लिहू नका.

आणि तो नंबर. सिम बदललं, जुना नंबर बंद झाला, कार्डावर तोच. काही पोरांनी तर स्वतःचाच नंबर लिहिलेला असतो, म्हणजे अपघात झाल्यावर फोन त्याच्याच खिशात वाजणार. असा नंबर लिहा जो दिवसा-रात्री कुणीतरी उचलेल आणि ज्याला ऐकून काही सुधरेल, म्हातारी आई एकटीच घरी असेल तर तिच्या जोडीला भावाचा नाहीतर शेजारच्याचाही द्या. बाहेरच्या जिल्ह्यातनं आलेल्यांनी एक गावाकडचा आणि एक इथला रूममेटचा. ही दुरुस्ती वरच्याच अर्जात एका ओळीत होते.

जाता जाता फोटोपण बघा. दहा वर्षांपूर्वीचा दाढी नसलेला फोटो असेल तर गेटवर रोज वाद होणार, नवीन देऊन टाका.

हरवलं तर

पहिल्याच दिवशी सुपरवायझरला सांगा. बोलणी बसतील म्हणून लपवून दुसऱ्याच्या कार्डावर आत जायचा प्रकार कधीच करू नका. कारण आत काही झालं, आग लागली आणि असेंब्ली पॉइंटला, म्हणजे सगळ्यांनी जमायच्या जागी, हजेरी घेतली, तर ज्याच्या नावावर तुम्ही आत गेलाय त्याला शोधतील, तुम्हाला कुणीच शोधणार नाही. आणि अपघात झाला तर ईएसआयसीच्या कागदांत त्या वेळी तुम्ही आत होता हेच सिद्ध करायला घरच्यांना जड जाईल.

कंपनीचं कार्ड असेल तर अर्ज, आधारची झेरॉक्स, एक फोटो, आणि नोंद असेल तर डुप्लिकेट मिळतं. ट्रेनिंग परत करायची गरज नसते, पण मुदत संपायला आली असेल तर कंपन्या म्हणतात परत बसाच, आणि ते बरंच आहे. स्वाइपचं नाहीतर चिपचं कार्ड असेल तर जुनं बंद करायला सांगा, नाहीतर कुणीतरी ते वापरत राहील. बऱ्याच ठिकाणी पोलिसांकडची गहाळ नोंद मागतात, कार्डासोबत पाकीट, आधार, लायसन गेलं असेल तर ती तशीही लागतेच, ठाण्यात सगळ्या कागदांची नावं एकदमच लिहून द्या म्हणजे परत जायला नको.

टँकरवाल्यांचं लायसन हरवलं तर डुप्लिकेटचा अर्ज सरकारच्या सारथी पोर्टलवर होतो, आरटीओ आपापलं, सांगली एमएच १०, सातारा एमएच ११, कराड एमएच ५०. नवीन लायसन हातात आल्यावर त्यावर हॅझार्डसची तारीख आलीय का ते तिथंच बघा. नसेल तर लगेच सांगा, रस्त्यावर थांबवल्यावर नाही. डिजिलॉकरमध्ये लायसन काढून ठेवलं तर ते कायद्यानं मूळ कागदासारखंच धरलं जातं, तेवढं आजच करून ठेवा. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट मात्र संस्थेकडनंच मिळणार, म्हणून संस्थेचं नाव, बॅचची तारीख आणि सर्टिफिकेट नंबर फोनमध्ये फोटो काढून ठेवा. खरंतर सगळ्याच कार्डांचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून घरच्या एका माणसाला पाठवून ठेवा. डुप्लिकेट काढताना सगळ्यात जास्त वेळ जातो तो कार्ड नंबर आणि तारीख शोधण्यात, आणि फोटो असला की तो वेळच वाचतो.

ज्यानं ट्रेनिंग दिलं तो काँट्रॅक्टरच गायब झाला असेल तर कंपनीच्या सेफ्टी डिपार्टमेंटला गाठा. इंडक्शन त्यांच्या आवारात झालेलं असतं त्यामुळं हजेरीची शीट त्यांच्याकडंपण असते. तिथं नोंद सापडली नाही तर सरळ नवीन ट्रेनिंगला बसा, दोन तास जातील पण कार्ड खरं राहील.

विकत मिळणारी कार्डं

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. ट्रेनिंग न करता सर्टिफिकेट देणारे लोक आहेत, आधारचा फोटो पाठवा, पैसे पाठवा, संध्याकाळी पीडीएफ येते. उंचीचं, टाकीचं, फायरचं, काय पाहिजे ते.

टाकीतलं काम काय असतं ते सांगतो. मळीची टाकी, स्पेंटवॉशची (डिस्टिलरीच्या सांडपाण्याची) टाकी, ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करायचा) खड्डा, यात कुजण्यातनं हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळं तळाला बसतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण जास्त असला की नाकाची वास घ्यायची ताकदच मरते, म्हणजे वास थांबला की माणसाला वाटतं आता बरं झालं आणि तो अजून खाली उतरतो. साध्या हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो, १९.५ च्या खाली गेला की आत उतरायचं नाही. हे नाकाला कळत नाही, गॅस मोजायचं मीटर सोडूनच बघावं लागतं, वर, मध्ये आणि तळाला. आणि पहिला माणूस खाली पडला की वरचा दोस्त जीव तोडून त्याला काढायला उतरतो आणि तोपण तिथंच पडतो. असल्या अपघातांत मरणाऱ्यांत वाचवायला गेलेले पुष्कळ असतात. ट्रेनिंगमध्ये हेच शिकवतात की वरच्यानं उतरायचं नाही, दोरी, ट्रायपॉड, हाक, रेस्क्यू टीम. ज्यानं कार्ड विकत घेतलंय त्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं, आणि परमिटवर, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीवर, टाकीच्या वर उभा राहणारा माणूस म्हणून त्याचंच नाव असतं. खाली उतरलेला त्याच्या भरवशावर उतरलेला असतो.

म्हणून कार्ड खरं आहे का हे कसं बघायचं तेपण सांगतो. ट्रेनिंग देणाऱ्या संस्थेचं नाव, पत्ता, ट्रेनिंगची तारीख, किती तास, ट्रेनरचं नाव, सर्टिफिकेट नंबर एवढं असलं पाहिजे. क्यूआर कोड असेल तर स्कॅन करून तो कुठं जातो ते बघा, संस्थेच्या स्वतःच्या साइटवर तुमच्या नावाची नोंद दिसली पाहिजे, नुसता पीडीएफचा फोटो उघडला तर त्याला अर्थ नाही. सरकारी म्हणत असतील तर पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का बघा. मग संस्थेला फोन लावून नंबर सांगा आणि नोंद आहे का विचारा, फोन नंबर मात्र कार्डावरचा घेऊ नका, स्वतः शोधून काढा.

आखातात जायची तयारी करणारी फिटर, वेल्डर, रिगर पोरं ओशा ३० च्या नावानं फसतात ती याच ठिकाणी. ओशा हे अमेरिकेच्या सरकारचं खातं. त्यांची १० तासांची आणि ३० तासांची ट्रेनिंग असतात, अमेरिकेच्या कामगार खात्याचं कार्ड त्यांनी मान्यता दिलेल्या ट्रेनरमार्फत मिळतं, आणि हा कार्यक्रम अपवाद सोडले तर अमेरिकेच्या हद्दीतच चालतो. विट्यात नाहीतर फलटणमध्ये बसून मोबाईलवर व्हिडिओ बघून ते कार्ड मिळत नाही, जे मिळतं ते खासगी संस्थेचं सर्टिफिकेट असतं. काही कंपन्यांना ते चालतं, म्हणून पैसे भरायच्या आधी ज्यांच्याकडं नोकरीला जाताय त्यांना लेखी विचारा की नेमकं कुठल्या संस्थेचं पाहिजे. ज्यांनी अमेरिकेत काम करताना खरं कार्ड काढलंय आणि हरवलंय त्यांनी ओशाला अर्ज करून उपयोग नाही, त्यांच्याकडं विद्यार्थ्यांची नोंद नसते, ज्या ट्रेनरकडं कोर्स केला त्याच्याकडंच मागायचं. एका कोर्सला एकदाच बदली कार्ड मिळतं आणि कोर्स होऊन ५ वर्षं उलटली असतील तर मिळतच नाही, परत कोर्स करावा लागतो. तिथंपण बघा, नोंद ज्याच्याकडं, कार्ड त्याच्याकडं.

परदेशी पाठवणारा एजंट नोंदणीकृत आहे का हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं, तेवढं बघितल्याशिवाय कुणाच्या हातात मूळ सर्टिफिकेट देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ फक्त दाखवा.

कार्ड मिळतच नसेल तर

ट्रेनिंग न देता कामाला लावतायत, कार्ड मागितलं तर उद्या ये म्हणतायत, पैसे कापतायत, असं असेल तर आधी कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरला आणि सेफ्टी कमिटीत कामगारांचा प्रतिनिधी असेल तर त्याला सांगा. बऱ्याचदा कंपनीला काँट्रॅक्टरचे हे उद्योग माहीतच नसतात आणि तिथंच मिटतं. नाही मिटलं तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, आपण ज्याला फॅक्टरी इन्स्पेक्टर म्हणतो ते ऑफिस, तिथं लेखी तक्रार करता येते. तक्रारीत शिव्या आणि राग नको, तारीख, जागा, काम काय होतं, किती जण होते, काय दिलं नाही एवढंच लिहा.

आणि काम सोडताना. पगाराचा हिशोब जसा मागता तसा ट्रेनिंगचा पण मागा, कुठल्या तारखेला कुठलं ट्रेनिंग झालं ते लेटरहेडवर लिहून, सही-शिक्क्यानं. कंपनीचं कार्ड गेटवर जमा करावं लागतं, ते बरोबरच आहे, पण हा कागद तुमचा असतो आणि पुढच्या ठिकाणी हाइट किंवा टाकीच्या कामाला अनुभव म्हणून तो दाखवता येतो. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात ऑफिसात कुणी जागेवर सापडत नाही, म्हणून अर्ज पंधरा दिवस आधीच देऊन ठेवा.